खणांचे संग्रहालय : एका कपाटात पाचशे कलाकार

थोडक्यात माहिती

• नाव : खणांचे संग्रहालय, मूळ जर्मन नाव ‘शुब्लाडेनमुझेउम’
• कर्ता : स्विस कलाकार हर्बर्ट डिस्टेल, जन्म १९४२, बर्न
• काळ : १९७० ते १९७७
• रचना : २० खणांचे एक कपाट, प्रत्येक खणात २५ कप्पे, एकूण ५०० कप्पे
• संग्रह : ५०० समकालीन कलाकारांच्या ५०० लघुकलाकृती
• सध्याचे ठिकाण : कुन्स्टहाउस, झुरिक, स्वित्झर्लंड

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठी इमारत येते. वडोदऱ्याच्या सभासदांना सयाजीबागेतले संग्रहालय आठवेल, हैदराबादच्या सभासदांना सालारजंग, मुंबईला जाणाऱ्यांना भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय. उंच छत, लांबच लांब दालने आणि पाहता पाहता दुखू लागणारे पाय हा आपला सर्वांचा अनुभव. ज्या संग्रहालयाची ही नोंद आहे, त्यात मात्र कोणाला आत जाताच येत नाही. ते लाकडी कपाटात मावते. त्याच्या एकेका ‘दालना’ची लांबी साधारण पाच ते सहा सेंटीमीटर आहे, म्हणजे काड्यापेटीहून थोडी जास्त. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत काय काय घडत होते, हे एका जागी पाहायचे तर याच्याइतके दाटीवाटीने भरलेले ठिकाण क्वचितच सापडेल.

‘मिनिएचर’ या शब्दाविषयी

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. ‘मिनिएचर’ म्हटले की आपण लघुचित्र समजतो : राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी. इंग्रजी शब्दाचे मूळ मात्र लहानपणात नाही. लॅटिन भाषेत ‘मिनियम’ म्हणजे शिशापासून केलेला तांबडा रंग, आपल्या ओळखीचा शेंदूर. युरोपात हस्तलिखित पोथ्यांची पहिली अक्षरे आणि समासातली नक्षी या रंगाने काढत, त्या कामाला त्यावरून नाव पडले. पोथीतली चित्रे आकाराने लहान असत. शिवाय ‘लहान’ या अर्थाचे लॅटिन शब्द उच्चाराने जवळचे होते. त्यामुळे पुढे शब्दाचा अर्थच ‘लहान’ असा झाला.

या नोंदीत ‘लघुकला’ हा शब्द त्या जुन्या चित्रशैलींसाठी वापरलेला नाही. आपल्याच काळातील चित्रकार आणि शिल्पकारांनी मुद्दाम लहान आकारात केलेले काम, एवढाच त्याचा अर्थ इथे घ्यावा.

कर्ता

हर्बर्ट डिस्टेल यांचा जन्म १९४२ साली स्वित्झर्लंडची राजधानी बर्न येथे झाला. त्यांनी शिळाछापाचे, म्हणजे लिथोग्राफीचे शिक्षण घेतले होते. १९६० नंतरच्या दशकात ते शिल्पकार म्हणून पुढे आले. पॉलिएस्टरची गुळगुळीत अंडी हा त्यांच्या शिल्पांचा आवडता विषय होता. १९७० साली त्यांनी असेच एक मोठे, सुमारे तीन मीटर लांबीचे अंडे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून अटलांटिक महासागरात सोडले. वारा आणि प्रवाह यांच्या भरवशावर तरंगत ते महिन्यांनंतर पलीकडच्या त्रिनिदादच्या बाजूला पोहोचले. पुढे ते छायाचित्रण, चित्रपट आणि ध्वनी यांकडे वळले. रेल्वे स्थानकातल्या आवाजांवर त्यांनी केलेली ध्वनिकृतीही प्रसिद्ध आहे.

एकीकडे महासागराएवढ्या जागेत एकच वस्तू सोडून देणारा हा कलाकार त्याच वर्षी अगदी उलट दिशेच्या कामाला लागला : शेकडो वस्तू एका कपाटात बसवण्याच्या. दोन्ही कामांत एक गोष्ट सारखी आहे. सुरुवात कलाकाराने करायची आणि पुढचे बरेचसे दुसऱ्यांच्या हाती सोपवायचे. अंड्याच्या बाबतीत ते समुद्राच्या हाती होते, कपाटाच्या बाबतीत पाचशे कलाकारांच्या.

कपाट

हे कपाट मुद्दाम बनवून घेतलेले नाही. मुळात ते शिवणाच्या रेशमी दोऱ्याची रिळे ठेवण्याचे, दुकानातले कपाट होते. कापडाच्या आणि शिवणसामानाच्या जुन्या दुकानांतून अशी उथळ खणांची कपाटे आपल्याकडेही पाहिलेली असतील : एक खण ओढला की निळ्या छटा, दुसरा ओढला की हिरव्या.

डिस्टेल यांनी त्याचे वीस खण घेतले. प्रत्येक खणात पंचवीस कप्पे, म्हणजे एकूण पाचशे. संग्रहालयाच्या भाषेत बोलायचे तर वीस मजले आणि दर मजल्यावर पंचवीस दालने. एका दालनात एकाच कलाकाराची एकच कृती. कपाट ज्या बैठकीवर उभे आहे, ती अमेरिकन शिल्पकार एड कीनहोल्झ यांनी केली आणि तीही कलाकृती मानली जाते. त्यामुळे मोजदाद काटेकोर करायची तर कलाकार पाचशे एक होतात : पाचशे आत, आणि एकाने सर्वांचा भार पेललेला. बैठकीसह कपाटाची उंची माणसाच्या उंचीएवढी आहे.

संग्रह कसा जमला

१९७० ते १९७७ अशी सात वर्षे हे काम चालू होते. निरनिराळ्या देशांतल्या कलाकारांशी संपर्क साधायचा, कप्प्याचे माप कळवायचे आणि त्यात मावेल अशी कृती मागायची, असा क्रम. एवढ्या जागेसाठी कोणाला मोठा खर्च नव्हता आणि पाठवण्याचाही प्रश्न नव्हता. लहानशा पाकिटातून काम येऊ शकत होते.

सहभागी कलाकारांची यादी वाचली की आश्चर्य वाटते. पाब्लो पिकासो त्यात आहेत, त्यांचे निधन १९७३ साली म्हणजे संग्रह पुरा होण्याआधीच झाले. जर्मनीचे योसेफ बॉइस आहेत, अमेरिकेचे अँडी वॉरहॉल आहेत, संगीतकार जॉन केज आहेत, आणि फरचा पेला-बशी करून अतिवास्तववादाच्या इतिहासात जागा मिळवलेल्या मेरेट ओपेनहाइमही आहेत. त्यांच्या शेजारी असे अनेक कलाकार आहेत, ज्यांची नावे आज फक्त अभ्यासकांनाच ठाऊक असतील.

या संग्रहाचे खरे महत्त्व या शेजारात आहे. मोठ्या संग्रहालयात कोणाला कोणती भिंत मिळते, यावरून मानमरातब ठरतो. प्रसिद्ध चित्रकाराला मधले दालन, नवख्याला जिन्याजवळची जागा. इथे पिकासोला जेवढा कप्पा, तेवढाच नाव न झालेल्याला. कोणाचेही काम शेजाऱ्यापेक्षा मोठे होऊ शकत नाही. मापाची ही सक्ती कलाकारांवर बंधन होती हे खरे, पण ती सर्वांवर सारखीच होती. कोणी कप्प्यात शिल्प बसवले, कोणी चित्र, कोणी एखादी वस्तू किंवा नुसती कल्पना. त्या दशकात पॉप आर्ट, फ्लक्सस, मिनिमल, संकल्पनात्मक कला असे जे प्रवाह वाहत होते, त्यांचे नमुने त्यामुळे एकाच खणात हाताच्या अंतरावर आले.

कासेलचे प्रदर्शन, १९७२

संग्रह अर्धवट असतानाच त्याला मोठे व्यासपीठ मिळाले. जर्मनीतील कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’ नावाचे समकालीन कलेचे महाप्रदर्शन काही वर्षांच्या अंतराने भरते आणि शंभर दिवस चालते. १९७२ चे पाचवे डॉक्युमेंटा हाराल्ड झेमान यांनी रचले होते. तेही मूळचे बर्नचे आणि १९६९ पर्यंत तिथल्या कुन्स्टहालचे संचालक होते.

या प्रदर्शनात झेमान यांनी ‘कलाकारांची संग्रहालये’ असा एक विभाग केला होता. संग्रहालय म्हणजे काय, ते कोणी करायचे, कशाला जागा द्यायची, हे प्रश्न त्या काळात कलाकार उघडपणे विचारू लागले होते. बेल्जियमच्या मार्सेल ब्रूटहार्स यांनी ‘गरुड विभाग’ असलेले एक काल्पनिक आधुनिक कला संग्रहालय उभारले होते. अमेरिकेच्या क्लेस ओल्डेनबर्ग यांनी उंदराच्या डोक्याच्या आकाराच्या खोलीत बाजारातल्या किरकोळ वस्तू आणि आपल्या शिल्पांचे कच्चे नमुने मांडले होते. त्याचे नाव ‘माउस म्यूझियम’, त्यात ३८५ वस्तू आहेत. त्याच विभागात डिस्टेल यांचे कपाटही होते. पुढे १९९९ साली न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये संग्रहालय या विषयावरच्या कलाकृतींचे मोठे प्रदर्शन झाले, त्यातही ते मांडले गेले. आज ते झुरिकच्या कुन्स्टहाउसच्या मालकीचे आहे. २०११ साली त्यातील सर्व कामांची ओळख करून देणारे पुस्तक झुरिकहून प्रसिद्ध झाले.

याच घराण्यातली इतर छोटी संग्रहालये

डिस्टेल यांची कल्पना एकाकी नव्हती. त्याआधी आणि त्यानंतर झालेले तीन प्रयत्न माहीत असले म्हणजे तिचे वेगळेपण नीट कळते.

द्युशाँ यांची पेटी. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने १९३५ ते १९४१ या काळात आपल्याच कामांच्या ६९ लघुप्रतिकृती करून त्या एका पेटीत बसवल्या. पेटी उघडली की दोन्ही बाजूंना फळ्या सरकतात आणि छोटेखानी प्रदर्शन उभे राहते. पहिल्या वीस पेट्या चामडी बॅगेत होत्या. पुढे निरनिराळ्या आवृत्त्या मिळून सुमारे तीनशे पेट्या झाल्या. काम चालू असताना फ्रान्सवर जर्मनीचा ताबा आला. तेव्हा द्युशाँ यांनी एका मित्राकरवी चीज व्यापाऱ्याचा परवाना मिळवला आणि त्याच्या आधारे पेटीचे सुटे भाग पॅरिसमधून ताब्याबाहेरच्या दक्षिण फ्रान्समध्ये नेले. १९४२ साली ते अमेरिकेला पोहोचले. लहान आकार हा कधी कधी हौसेचा नसून निभावण्याचाही मार्ग असतो, हे या पेटीवरून कळते. मोठी चित्रे अशी नेता आली नसती.

स्टेटहाइमर यांचे बाहुलीघर. न्यू यॉर्कच्या कॅरी स्टेटहाइमर यांनी १९१६ पासून जवळजवळ दोन दशके खपून बारा खोल्यांचे एक बाहुलीघर सजवले. कॅरी आणि त्यांच्या बहिणी यांच्या घरी कलाकारांची बैठक असे. त्या मित्रमंडळींनी बाहुलीघरासाठी खास छोट्या कलाकृती करून दिल्या. द्युशाँ यांनी ‘जिना उतरणारी नग्नाकृती’ या आपल्या गाजलेल्या चित्राची पत्त्याच्या पानाएवढी आवृत्ती १९१८ साली काढून दिली. अलेक्झांडर आर्किपेंको, गास्ताँ लाशेझ, विल्यम झोराक यांचीही कामे त्यात आहेत. कॅरी यांचे १९४४ साली निधन झाले. बाहुलीघराचे सभागृह, म्हणजे त्यातले कलादालन, बहीण एटी यांनी लावून घेतले आणि १९४५ साली ते सारे म्यूझियम ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्कला दिले.

पॅलंट हाउसची दालने. इंग्लंडमधील चिचेस्टर येथील पॅलंट हाउस गॅलरीत कलादालनांच्या छोट्या प्रतिकृती आहेत. पहिली १९३४ ची. सिडनी बर्नी या कलाव्यापाऱ्याने धर्मादाय कामाला मदत म्हणून ती कल्पना काढली आणि हेन्री मूर, व्हेनेसा बेल, पॉल नॅश अशांनी तिच्यासाठी लघुकामे केली. दुसरी २००० साली पुरी झाली. तिसरी २०२१ ची, करोनाच्या दिवसांतली. त्या वेळी गॅलऱ्या बंद होत्या आणि कलाकार घरी अडकले होते. डेमियन हर्स्ट, लुबेना हिमिड, कुंभारकाम करणाऱ्या मॅग्डलीन ओडुंडो आणि इतर अनेकांनी छोटी कामे करून दिली.

प्रतिकृती, आवृत्ती आणि मूळ कृती

वरील उदाहरणांत ‘लहान’ या शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ आहेत, आणि लघुकला पाहताना ते वेगळे ठेवावे लागतात.

पहिला अर्थ प्रतिकृती. द्युशाँ यांच्या पेटीत बहुतेक वस्तू मोठ्या कामांच्या छोट्या नकला आहेत. मूळ काम कुठेतरी दुसरीकडे आहे आणि पेटी त्याची आठवण देते.

दुसरा अर्थ लघु आवृत्ती. स्टेटहाइमर बाहुलीघरातले चित्र मूळ चित्रकाराने स्वतःच्या हाताने पुन्हा काढले आहे. ते नक्कल नाही, पण त्याला थोरल्या भावंडाचा आधार आहे.

तिसरा अर्थ मूळ लघुकृती. डिस्टेल यांच्या कप्प्यांतले काम दुसऱ्या कशाची तरी छोटी आवृत्ती असावे, अशी अट नव्हती. ते तेवढेच आहे आणि तेवढ्यातच पुरे झाले पाहिजे. पाहणाऱ्यालाही त्यामुळे वेगळी सवय लावून घ्यावी लागते. मोठ्या चित्रासमोर आपण मागे सरकतो, इथे वाकावे लागते. एक खण पाहताना बाकीचे एकोणीस बंद असतात, त्यामुळे सगळे एकदम पाहिल्याचे समाधान मिळत नाही. शेजारी दुसरा पाहुणा असला तर दोन डोकी एकमेकांना लागतात.

यावर आक्षेपही घेता येतात. पाचशे जणांचे काम आणि नाव मात्र एकाचे, हे योग्य आहे का? एवढ्याशा नमुन्यावरून एखाद्या कलाकाराची पारख होते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे : होत नाही, आणि या संग्रहाचा तो दावाही असू शकत नाही. ज्याने आयुष्यभर वीस फुटी शिल्पे केली, त्याचा कप्पा त्याच्याबद्दल थोडेच सांगणार. पहिल्या प्रश्नाबाबत एवढेच म्हणता येईल की कोणत्याही संग्रहालयात निवड आणि मांडणी हे स्वतंत्र काम असते. एरवी ते करणारा पडद्यामागे राहतो, इथे तो पुढे उभा आहे.

जतन

लहान वस्तू सांभाळणे सोपे, असा समज असतो. तो बरोबर नाही. चार सेंटीमीटरच्या चित्राचा चार मिलिमीटर कोपरा गेला तर चित्राची दहावा हिस्सा रुंदी गेली. मोठ्या चित्रात तेवढे नुकसान लक्षातही येत नाही.

दुसरी अडचण शेजाराची. संग्रहालयात एरवी कागद, धातू, लाकूड, प्लास्टिक यांना निरनिराळी हवा आणि निरनिराळा प्रकाश दिला जातो. कागद आणि कापडावर सुमारे ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. एका खणात पंचवीस प्रकारच्या वस्तू असल्या म्हणजे सर्वांना मानवेल अशी हवा शोधणे कठीण होते. लाकडातून हळूहळू आम्लयुक्त वाफ सुटते आणि ती शिसे, शिंपले यांना खाते. रबर कडक होऊन तडकते, काही प्लास्टिके चिकट होतात. १९६०-७० च्या दशकांतील कलाकारांनी चॉकलेटपासून फोमपर्यंत काहीही वापरले, ते टिकवण्याचा विचार त्यांनी नेहमी केला होता असे नाही. शिवाय खण उघडला-मिटला की आतल्या वस्तू हादरतात. म्हणून अशा संग्रहांना पाहुण्यांचा हात लागू देत नाहीत.

इथे एक विसंगती उरते. खण हे ओढून उघडण्यासाठीच असतात. ओढून पाहण्याची मौज हा या कल्पनेचा अर्धा भाग आहे, आणि वस्तू टिकवायच्या तर नेमकी तीच मौज नाकारावी लागते.

भारतातील नाते

आपल्या देशात समकालीन कलाकारांनी हाताळलेल्या छोट्या, फिरत्या संग्रहालयांची दोन उदाहरणे सभासदांनी अवश्य पाहावीत.

वडोदऱ्याचे ज्येष्ठ चित्रकार गुलाममोहम्मद शेख महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिकले आणि तिथेच त्यांनी अनेक वर्षे शिकवले. राजस्थानात ‘कावड’ नावाची लाकडी चित्रपेटी असते. शिखर शिंगणापूरला जाते ती आपली कावड वेगळी. राजस्थानी कावडीला दारामागे दारे असतात, प्रत्येक दारावर चित्रे असतात आणि कथा सांगणारा एकेक दार उघडत शेवटी देवापर्यंत पोहोचतो. चित्तोडगडजवळच्या बस्सी गावचे सुतार ती घडवतात. शेख यांनी हा आकार घेऊन आपल्या कावडी केल्या. त्यांच्या दारांवर कबीर आहे, निरनिराळ्या धर्मांचे संतसाधू आहेत, जुनी लघुचित्रे आहेत आणि आजच्या शहरांचे नकाशेही आहेत.

छायाचित्रकार दयानिता सिंह यांनी ‘म्यूझियम भवन’ या नावाने लाकडी घडीच्या चौकटींची हलवता येणारी संग्रहालये केली. २०१६ साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्यांनी बॅगांमधून मांडलेले ‘सूटकेस म्यूझियम’ दाखवले. १८७२ साली लोकांसाठी उघडलेले हे मुंबईचे सर्वांत जुने संग्रहालय. तिथली मातीची छोटी माणसे आणि व्यवसायांचे देखावे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाहिलेले आहेत, तेव्हा लहान आकार या वास्तूला नवा नाही. २०१७ साली ‘म्यूझियम भवन’ घडीच्या नऊ छोट्या पुस्तिकांच्या रूपात एका डब्यात बसवून प्रसिद्ध झाले. त्याला त्या वर्षीचा पॅरिस फोटो-ॲपर्चरचा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्रपुस्तकाचा पुरस्कार मिळाला. विकत घेणारा वाचक आपल्या घरी ते मांडून त्याचा संग्रहपाल होऊ शकतो.

मंडळांना यातून काय घेता येईल

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मंडळांपुढे जागेचा प्रश्न कायमचा आहे. संग्रहालय असावे ही इच्छा वार्षिक सभेत अनेकदा बोलली जाते आणि इमारत नाही म्हणून तिथेच राहते. दरम्यान वाडे जाऊन फ्लॅट होतात, जुन्या वस्तू भंगारात जातात, आणि घरातल्या मुलांनी केलेले काम दोन वर्षांत रद्दीत जाते. पाचशे कलाकारांना एक दोऱ्याचे कपाट पुरले, तर शंभर कुटुंबांना एक कपाट पुरायला हरकत नाही. असा प्रयोग करायचा झाल्यास पुढील गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात.

१. माप एकच आणि सर्वांना सारखे. देणगी जास्त म्हणून कप्पा मोठा, असे एकदा झाले की कल्पना संपली.

२. एका कुटुंबाला एक कप्पा, त्यात एकच वस्तू. जुनी वस्तू ठेवायची की घरातल्या कोणी नव्याने केलेली, हे कुटुंबाने ठरवावे. नव्या कामाला मुद्दाम प्रोत्साहन द्यावे. तसे केले नाही तर कपाट अडकित्ते आणि करंड्यांनी भरेल आणि नातवंडे त्याच्याकडे फिरकणार नाहीत.

३. नोंदवही पहिल्या दिवसापासून. कप्प्याचा क्रमांक, वस्तू, ती कशाची केली आहे, माप, कोणी केली, कोणी दिली, तारीख, आणि वस्तू देणगी आहे की ठेव आहे. शेवटचा रकाना भरायचा राहिला तर पुढच्या पिढीत वाद होतात. वहीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.

४. वस्तूवर सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन नको. क्रमांक कप्प्यावर किंवा सुट्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहावा. कप्प्यात आम्लविरहित कागद अंथरावा. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात, त्या प्लास्टिक खराब करतात आणि माणसांनाही अपायकारक असतात. जुन्या पोथ्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवत, तीही वस्तूला चिकटू देऊ नये.

५. प्रत्येक वस्तूचे चांगले छायाचित्र घ्यावे. खण वारंवार उघडावे लागू नयेत, म्हणून एरवी छायाचित्रे दाखवावीत आणि गणेशोत्सवात किंवा वर्धापनदिनी खण उघडावेत.

६. वीस खण एकदम भरण्याची घाई नको. डिस्टेल यांना सात वर्षे लागली. संग्रह अपुरा असताना तो लोकांपुढे मांडला म्हणूनही काही बिघडले नाही.

पाहायचे असल्यास

मुलांकडे किंवा नातेवाइकांकडे परदेशी जाणाऱ्या सभासदांसाठी : खणांचे संग्रहालय झुरिकच्या कुन्स्टहाउसमध्ये, स्टेटहाइमर बाहुलीघर न्यू यॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील म्यूझियम ऑफ द सिटी ऑफ न्यू यॉर्कमध्ये, ओल्डेनबर्ग यांचे माउस म्यूझियम व्हिएन्नाच्या ‘मुमोक’ संग्रहालयात, आणि छोटी कलादालने चिचेस्टरच्या पॅलंट हाउस गॅलरीत. द्युशाँ यांच्या पेट्या जगातील अनेक मोठ्या संग्रहालयांत आहेत. यांपैकी काही वस्तू जतनासाठी मधून मधून आत ठेवतात किंवा बाहेरच्या प्रदर्शनांना पाठवतात, म्हणून निघण्याआधी त्या त्या संग्रहालयाकडे चौकशी करावी. जाताना वाचायचा चष्मा बरोबर असू द्यावा.